सात वर्षांची सजा, आणि परतीची बोटच नाही: मेरी ब्रायंट

शेवंती

मागच्या आठवड्यात क्रिकेटच्या धाग्यावर कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं: "ऑस्ट्रेलियन म्हणजे काय, पाव चोरून काळ्या पाण्यावर गेलेल्यांची पोरं!" तिथे भांडत बसले नाही, पण तेव्हापासून एक बाई डोक्यातून जात नाहीये. मी सिडनीत राहते. ज्या बंदरातून रोज फेरीने कामाला जाते, तिथूनच ती एका रात्री पळाली होती. नवरा, दोन लहान मुलं, आणखी सात कैदी आणि सहा वल्ह्यांची एक उघडी होडी, एवढाच सरंजाम. लिहायला बसले तर लांबलं आहे, चहा घेऊन बसा.

मेरी ब्रॉड ही कॉर्नवॉलमधल्या फॉय गावची. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैर्ऋत्येचं टोक, तिन्ही बाजूंनी समुद्र. बाप खलाशी. १७६५ च्या मे महिन्यात गावच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. विशीत ती प्लिमथला होती, आणि तिथे आणखी दोघींबरोबर तिने ॲग्नेस लेकमन नावाच्या एका बाईला हमरस्त्यावर अडवून, मारहाण करून लुटलं. एक रेशमी टोपी आणि बाकीची चीजवस्तू, मिळून किंमत ११ पौंड ११ शिलिंग. तिच्यावरच्या लेखांत "टोपी चोरली म्हणून देशाबाहेर घालवली" असं वाचायला मिळतं. ते गोड असलं तरी खरं नाही. ही सरळसरळ वाटमारी होती. मार्च १७८६ मध्ये एक्सेटरच्या न्यायालयाने तिघींना फाशी सुनावली, मग ती रद्द करून सात वर्षं समुद्रापार.

समुद्रापार म्हणजे कुठे, हे त्या दिवशी न्यायाधीशालाही सांगता आलं नसतं. तोवर असे कैदी अमेरिकेला जात. तिथल्या वसाहतींनी बंड केलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. मग डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजं नदीत, बंदरात नांगरून त्यांचेच तुरुंग केले. मेरीला प्लिमथच्या 'डंकर्क' नावाच्या अशाच जहाजावर ठेवलं. कॅप्टन कुकने १७७० साली पाहिलेल्या किनाऱ्यावर कैद्यांची वसाहत करायची असं १७८६ च्या ऑगस्टमध्ये ठरलं, आणि १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून अकरा जहाजं निघाली. मेरी होती 'शार्लट' नावाच्या जहाजावर.

निघाली तेव्हा ती पोटुशी होती. टेनेरिफ झालं, रिओ झालं, आणि ८ सप्टेंबरला भर समुद्रात तिला मुलगी झाली. नाव ठेवलं शार्लट. आपल्याकडे आगगाडीत जन्मलेल्या पोरांना गाडीचं नाव देतात तसंच, फक्त ही गाडी कैद्यांची होती.

याच जहाजावरचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. थॉमस बॅरेट नावाचा कैदी. रिओला बोट लागली तेव्हा या बहाद्दराने बकलं, बटणं आणि कथिलाच्या चमच्यांतून खोटी नाणी पाडून होडीतून माल विकायला आलेल्यांकडे चालवायचा प्रयत्न केला. जहाजावर पहारा असताना याला विस्तव कुठे मिळाला आणि साचा कुठे, हे जहाजावरच्या डॉक्टर व्हाइटना शेवटपर्यंत उलगडलं नाही. त्यांनी रोजनिशीत कौतुकच केलंय जवळजवळ. नव्या वसाहतीत पहिली फाशी झाली ती याच बॅरेटला, २७ फेब्रुवारी १७८८ रोजी. शिधा चोरला म्हणून.

बोटी जानेवारी १७८८ मध्ये पोचल्या. १० फेब्रुवारीला मेरीचं लग्न झालं, विल्यम ब्रायंटशी. तोही कॉर्नवॉलचाच, कोळी, आणि 'शार्लट'वरचाच कैदी. त्याचा गुन्हा: दोन नौसैनिकांचं सोंग घेऊन त्यांचा पगार उचलायला गेला. शिक्षा सात वर्षं, मार्च १७८४ पासून. ही तारीख लक्षात ठेवा.

मासे धरता येणारा माणूस म्हणजे त्या वसाहतीत सोन्याचा. गव्हर्नर फिलिपने त्याला सरकारी होड्यांवर नेमलं, वेगळी झोपडी दिली. त्याने थोडे मासे बाजूला काढून विकायला सुरुवात केली, पकडला गेला, शंभर फटके बसले, झोपडी गेली. पण होडीवरचं काम राहिलं, कारण तेवढा जाणता दुसरा कुणी नव्हताच.

मग आलं १७९०. 'सिरियस' हे वसाहतीचं मोठं जहाज मार्चमध्ये नॉरफोक बेटावर खडकांवर फुटलं. शिधा उतरत उतरत आठवड्याला माणशी किलोभर पीठ, त्याहून थोडे कमी तांदूळ आणि तेवढंच तीन-चार वर्षांपूर्वी खारवलेलं डुकराचं मांस इथवर आला. वॉटकिन टेंच नावाचा एक अधिकारी लिहितो की तांदळाचा दाणा न् दाणा आतल्या किड्यांमुळे चालत होता. गव्हर्नरकडे जेवायला जाणाऱ्याने आपली भाकरी आपण न्यायची, असा रिवाज पडला. आणि या एप्रिलमध्ये मेरीच्या दुसऱ्या मुलाचा, इमॅन्युएलचा, बाप्तिस्मा झाला.

डिसेंबरात बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) धान्य घेऊन एक डच जहाज आलं. त्याच्या कप्तानाशी विल्यमने संधान बांधलं. होकायंत्र, सूर्याची उंची मोजायचं यंत्र, एक नकाशा, दोन बंदुका एवढं मिळवलं आणि झोपडीच्या फरशीखाली लपवलं. २८ मार्च १७९१ च्या रात्री ही अकरा माणसं गव्हर्नरची होडी घेऊन निघाली. धाकटा अजून वर्षाचा व्हायचा होता, मोठी साडेतीन वर्षांची.

६९ दिवस. पाच हजार किलोमीटरच्या वर. सोबत पन्नास किलोच्या आतबाहेर पीठ, तेवढेच तांदूळ, सहा-सात किलो मांस आणि तीस-पस्तीस लिटर पाणी. ऑस्ट्रेलियाचा सगळा पूर्व किनारा चढून, मग उत्तरेच्या खाडीतून आडवं, ५ जूनला ते तिमोर बेटावरच्या कुपांगला लागले. अकराच्या अकरा जिवंत.

तिथे डचांना सांगितलं, आमचं जहाज फुटलं. डच गव्हर्नरने कपडे दिले, कामं दिली. दोन महिने बरे गेले. मग विल्यमचं नि मेरीचं भांडण झालं, त्याने रागात जाऊन सगळं कबूल करून टाकलं, आणि सप्टेंबरात कॅप्टन एडवर्ड्स नावाचा इंग्रज कप्तान तिथे उगवला. त्याने यांना बेड्या घातल्या.

बटाव्हियात १ डिसेंबरला इमॅन्युएल तापाने गेला. २२ डिसेंबरला विल्यम. पुढच्या प्रवासात सुंदाच्या सामुद्रधुनीत एक जण पाण्यात गेला, आणखी दोघे मेले. केप टाउनला उरलेल्यांना 'गॉर्गन' या इंग्रज जहाजावर चढवलं, आणि त्यावर सिडनीहून मायदेशी निघालेला टेंच होता. हाच टेंच जाताना 'शार्लट'वर होता! मेरी आणि विल्यम दोघंही त्याला तेव्हापासून माहीत, दोघांची वागणूक चांगली होती असं त्याने लिहून ठेवलंय. या लोकांकडे बघताना करुणा आणि अचंबा वाटल्याशिवाय राहिला नाही, असंही.

मे १७९२ च्या पहिल्या आठवड्यात छोटी शार्लट गेली. पाण्यावर जन्मली, पाण्यातच सोडली. राल्फ क्लार्क या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत दोन ओळींत नोंद आहे: गेल्या साली होडीतून पळालेल्या कैदी बाईचं मूल रात्री वारलं. बस.

अकरापैकी इंग्लंडला पाच पोचले. बाकीचं प्रतिसादांत लिहीन, बोटं दुखली.

गोटीराम

दंडवत घ्या ताई. एका दमात वाचलं.

एक शंका. सात वर्षांची सजा आणि पळाले १७९१ ला. विल्यमची तर तेव्हा भरतच आली होती की! १७८४ अधिक सात. मग होडीत बायकापोरं घालून जिवावर उदार व्हायचं कशाला?

शेवंती

बरोब्बर, म्हणूनच तारीख लक्षात ठेवा म्हटलं होतं. विल्यमची सात वर्षं मार्च १७९१ मध्येच पुरी झाली आणि तो २८ मार्चला गेला. म्हणजे हिशेबाने तो त्या रात्री मोकळा माणूस होता.

पण हिशेब होता कुणाकडे? कैदी पाठवले आणि त्यांच्या शिक्षांचे कागद इंग्लंडमध्येच राहिले. कुणाची शिक्षा कधी सुरू झाली, किती राहिली, याची यादी फिलिपपाशी नव्हती. १७८९ पासून लोक येऊन सांगायला लागले की माझी मुदत भरली, तर उत्तर हेच की कागद येईस्तोवर काम करत राहा. आणि कागद यायला बोट यायला हवी.

समजा कागद आलाच, तरी सुटका म्हणजे इथेच सुटका. परतीचं भाडं सरकार देत नव्हतं. पुरुष एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून लागून परत जाऊ शकायचा, बाईला तोही मार्ग नाही. विल्यमला हे पक्कं कळलेलं होतं. "इथलं लग्न तिकडे चालत नाही" असं तो बोलून दाखवायचा, ते अधिकाऱ्यांच्या कानावर गेलं आणि हुकूम निघाला की ज्यांची बायकापोरं सरकारी शिध्यावर पडतील त्यांना जाता येणार नाही. म्हणजे एकट्याची वाटही बंद. मला वाटतं होडीत चौघं बसली ती यामुळे. याला कुणी प्रेम म्हणा, कुणी नाइलाज म्हणा. मी दोन्ही म्हणते.

खारवी

आमच्या घरात तीन पिढ्या होड्या. आजोबा शिडाच्या होडीने मालवणहून मुंबईपर्यंत माल न्यायचे, त्यामुळे या बाबतीत जरा चोंबडेपणा करतो.

पहिलं म्हणजे मुहूर्त. मार्चअखेर म्हणजे त्या बाजूचा पावसाळी वादळांचा हंगाम सरत येतो, आणि वर क्वीन्सलँडच्या किनाऱ्याला पोचेस्तोवर आग्नेयेचा वारा धरतो. पाठीवर वारा घेऊन उत्तरेला जायचं, याहून चांगला महिना नाही. हे कोळ्याचंच डोकं.

दुसरं, गळती. पाण्यात भिजून, उन्हात तापून फळ्यांचे सांधे उघडतात. आमच्याकडे सांध्यात कापूस ठोकून वर राळ नि तेल बसवतात, आणि दर वर्षी ते काम करावंच लागतं. यांनी काय केलं असेल? सव्वादोन महिने होडी ओढून दुरुस्त करायला वाळू तरी मिळाली का?

तिसरं, अकरा माणसं एका लहान होडीत म्हणजे पाय पसरून झोपायला जागा नाही. त्यात तान्हं पोर. मी चार रात्री काढल्यात खोल समुद्रात उघड्या होडीवर, मोठा पुरुष माणूस, आणि पाचव्या दिवशी रडायला आलेलं. बाकी बोलत नाही.

शेवंती

खारवी, वाट बघत होते तुमची!

होडीतला जेम्स मार्टिन नावाचा आयरिश कैदी पुढे आपली हकीकत लिहून गेला. ते हस्तलिखित लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जेरेमी बेंथमच्या कागदपत्रांत सापडतं. शुद्धलेखनाचा आनंद आहे, पण माणूस नेमकं सांगतो. निघाल्यावर दोनेक दिवसांत एका ओढ्यापाशी लागले तर तिथे दगडी कोळसा उघडा पडलेला, पेटवून पाहिला, छान जळला. मासे आणि ताडासारख्या झाडाचा कोंब खाल्ला. गळतीला आधी मेण वापरलं, ते संपल्यावर साबण! सांध्यांत साबण भरला. तुमच्या आजोबांना काय वाटलं असतं?

मोठ्या प्रवाळरांगेच्या आत शिरल्यावर एका बेटावर कासवं सापडली, ती मारून मांस वाळवून बरोबर घेतलं. त्याच्या आधी बरेच दिवस वादळात किनाराच दिसला नव्हता. सगळे आळीपाळीने पाणी उपसत होते, आणि बाई व दोन्ही पोरांची अवस्था फार वाईट होती असं तो लिहितो. उत्तरेच्या खाडीत शिडाच्या मोठ्या होड्यांतून तीस-चाळीस जणांनी पाठलाग केला, तेव्हा किनारा सोडून सरळ खाडी कापली. चार-साडेचार दिवसांत पलीकडे.

मुहूर्ताचं आणखी एक. ते डच जहाज २७-२८ मार्चलाच बंदरातून गेलं, आणि वसाहतीचं उरलेलं एकमेव जहाज 'सप्लाय' नॉरफोक बेटाकडे गेलेलं. पाठलाग करायला बंदरात काहीच नव्हतं.

पोस्टकार्ड

लेख आवडला, पण एका जागी हरकत. "विल्यमने रागात कबूल करून टाकलं" हे तुम्ही ठाम लिहिलंय. ते एकट्या मार्टिनचं म्हणणं आहे. कॅप्टन एडवर्ड्सच्या जहाजावरचा डॉक्टर हॅमिल्टन वेगळंच सांगतो. यांनी कुपांगला थाप मारली होती की आमचा कप्तान आणि बाकीचे खलाशी दुसऱ्या होडीत आहेत, मागून येतील. एडवर्ड्सची माणसं आली तेव्हा एका डच जहाजाचा कप्तान खुशीत सांगायला गेला, "तुमचा कप्तान आला!" तर यातला एक जण बोलून गेला, "कसला कप्तान? आम्हाला कप्तानच नाही!" तिथे बिंग फुटलं. टेंचकडे तिसरीच छटा.

मार्टिनला मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोयीचं होतं, हे विसरू नका. विल्यम उलटून बोलायला उरलाच नव्हता.

शेवंती

मान्य. हे माझं चुकलं, तिन्ही द्यायला हवी होती. हॅमिल्टनचा किस्सा फार झकास असल्याने मला तो उलट रचलेला वाटतो, पण ते माझं मत. लेखातलं वाक्य आता बदलता येत नाही, तुमचा प्रतिसाद जोडून वाचावा.

गोटीराम

हा एडवर्ड्स तिथे नेमका कसा काय टपकला? सिनेमात असं दाखवलं तर आपण म्हणू योगायोग जास्त झाला.

पोस्टकार्ड

योगायोग अजून पुढे आहे. एडवर्ड्स 'पँडोरा' जहाज घेऊन 'बाउंटी'वर बंड केलेल्या खलाशांना पकडायला निघाला होता. ताहितीत १४ जण सापडले, त्यांना डेकवर एका लाकडी खोक्यात कोंडलं. ऑगस्ट १७९१ मध्ये पँडोरा प्रवाळावर आपटून बुडालं, चार बंदी आणि ३१ खलाशी मेले. उरलेले चार होड्यांतून कुपांगला आले. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, जून १७८९ मध्ये, बंडखोरांनी होडीत सोडून दिलेला 'बाउंटी'चा कप्तान ब्लाय याच कुपांगला असाच उघड्या होडीतून आला होता.

म्हणजे ब्लाय, मेरी आणि एडवर्ड्स, दोन-अडीच वर्षांत उघड्या होड्यांतून आलेल्या तीन टोळ्या एकाच डच ठाण्यावर! कुपांगच्या लोकांना वाटलं असेल, इंग्रज जहाजं बांधतात ती बुडवायलाच. केपपासून 'गॉर्गन'वर बंडखोर आणि मेरीची मंडळी एकत्रच गेली.

कायदेकानू

तीस वर्षं फौजदारी वकिली केली, त्यामुळे थोडं कायद्याचं.

त्या काळच्या इंग्लंडात एक शिलिंगपेक्षा जास्त किमतीची चोरी म्हणजे कागदोपत्री फाशीचा गुन्हा. ज्यूरीतल्या लोकांना हे पटत नसे, मग ते मुद्दाम मालाची किंमत पाडून लावत. आरोपपत्रात मेरीच्या त्या रेशमी टोपीची किंमत बारा पेन्स धरलेली आहे, म्हणजे नेमकी एक शिलिंग. पण वाटमारीत किमतीचा प्रश्नच येत नाही, ती मुळातच फाशीची. फाशी सुनवायची आणि राजाच्या दयेने ती समुद्रापारच्या शिक्षेत बदलायची, ही रीतच पडलेली होती. १७१८ च्या कायद्यापासून ते यंत्र चालू होतं.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. मुदतीआधी परत इंग्लंडात सापडणं हाही फाशीचाच गुन्हा. मेरी बेड्यांत परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर दुसरी फाशी होती. त्यामुळे ७ जुलै १७९२ ला लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात न्यायाधीशाने नुसतं "मूळ शिक्षा पुरी होईस्तोवर न्यूगेटच्या तुरुंगात ठेवा" म्हटलं, ही त्या काळाच्या मानाने मेहेरबानीच.

तिखटमीठ

सगळं ठीक. पण चोरांचं एवढं कौतुक कशाला? जिला लुटलं त्या बाईबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या? आणि ज्यांच्या जमिनीवर हे चोर नेऊन टाकले ते लोक कुठे आहेत या धाग्यात?

शेवंती

तिखटमीठ, पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ॲग्नेस लेकमन आरोपपत्रातल्या एका ओळीपुरतीच उरली आहे.

दुसरा प्रश्न रास्त आहे. सिडनी बंदराभोवतीचे इओरा लोक. बोटी आल्यावर सव्वा वर्षात, एप्रिल १७८९ मध्ये, देवीची साथ आली आणि किनाऱ्यावर, कपारींत प्रेतं दिसू लागली. वसाहतीने उपाशी मरत असताना ओढलेले मासेही त्यांच्याच पाण्यातले.

याच कथेत ते एकदा अगदी जवळ येतात. पळायच्या थोडे दिवस आधी विल्यमची होडी मासे घेऊन परतताना वाऱ्याच्या झोताने उलटली. तिच्यात बेनेलाँगची बहीण आणि काही मुलं होती. बेनेलाँग म्हणजे ज्याच्या नावाच्या टोकावर आज ऑपेरा हाउस उभं आहे तो. बहीण मुलांना घेऊन पोहत किनाऱ्याला लागली, आणि तिथल्या लोकांनीच आपल्या होड्या घालून वल्ही, सामान गोळा करून दिलं. मग सरकारने होडी दुरुस्त केली, नवी शिडं चढवली. म्हणजे पळायची होडी सरकारी खर्चाने ठाकठीक होऊन मिळाली! विल्यमने बातम्या ऐकून हसू कसं दाबलं असेल.

हिशोबनीस

मला या सगळ्यात ठेकेदारीचा भाग बघायला आवडतो, धंदाच तो माझा. पहिल्या ताफ्यात हजाराच्या वर माणसं आठ महिन्यांच्या प्रवासात असून पन्नासच्या आत मेली. फिलिपने ताजं मांस, भाज्या, फळं बंदरोबंदरी घेतली म्हणून. दुसरा ताफा १७९० चा. तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीला ठेक्याने दिला, आणि दर ठरला बोटीवर चढवलेल्या डोक्यामागे, १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स. चढवलेल्या! उतरवलेल्या नव्हे.

निकाल: सुमारे हजारातले अडीचशेच्या वर वाटेत खलास. 'नेपच्यून' या एका जहाजावर दीडशेच्या वर. मेलेल्याचा शिधा वाचला तो कप्तानाचा नफा, सिडनीत उतरून त्यांनी तो विकलाही. मेरी त्या जूनमध्ये किनाऱ्यावर होती. स्ट्रेचरवरून उतरवलेले, उतरताना मेलेले लोक तिने पाहिले असणार. पुढे पैशाचा काही भाग जिवंत पोचलेल्यांवर बांधला आणि १८१५ पासून प्रत्येक जहाजावर सरकारी डॉक्टर दिला, तेव्हा मरणं एकदम उतरली. एका ओळीची निविदा नीट लिहिली असती तर.

मुळामुठा

वाचताना सारखे आपले वासुदेव बळवंत आठवले. शिक्षा तीच, जन्मभर समुद्रापार. १८८० च्या जानेवारीत त्यांना एडनला नेलं. तिथल्या तुरुंगाचं दार बिजागरीतून उखडून ते बाहेर पडले, काही मैलांवर पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. मेरीकडे निदान होडी होती, आणि होडी चालवणारे. एडनच्या वाळवंटात माणूस पळून जाणार कुठे?

शेवंतीताई, बेंथमच्या कागदांचा उल्लेख वाचून दचकलो. बेंथम म्हणजे तोच ना, मधोमध मनोरा आणि भोवती कोठड्या अशा तुरुंगाची कल्पना मांडणारा? अंदमानचं सेल्युलर जेल डोळ्यांसमोर आलं.

पोस्टकार्ड

तोच. न्यू साउथ वेल्सला, म्हणजे या सिडनीच्या वसाहतीला, कैदी पाठवण्याच्या तो सक्त विरोधात होता, कारण सरकारने ते पैसे त्याच्या मनोऱ्याच्या तुरुंगाला द्यावेत असं त्याला वाटे. मार्टिनची हकीकत त्याच्या कागदांत सापडावी यात नवल नाही, त्याला दाखला हवा होता. मात्र सेल्युलर जेल हुबेहूब त्याचा नमुना नाही. मनोऱ्यातून पाखांवर पहारा ठेवता येई, पण प्रत्येक कोठडीच्या आत सतत नजर ही जी बेंथमची मूळ कल्पना, ती तिथे नव्हती.

शेवंती

मुळामुठा, फडक्यांचं मनात होतं, पण आपणहून ओढून आणायचं नव्हतं. तुम्ही आणलंत ते बरं झालं.

आता राहिलेला शेवट. न्यूगेटात या पाच जणांची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि ती वाचून धावून आला जेम्स बॉसवेल. तोच, इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सनचा चरित्रकार. पिणारा, बाहेरख्याली, कर्जात बुडालेला, आणि तरी या बाईसाठी मंत्र्यांचे उंबरठे झिजवणारा. २ मे १७९३ ला मेरीला माफी मिळाली. सजा मार्च १७८६ ची, सात वर्षं. म्हणजे ती भरून महिना उलटून गेल्यावर माफी! नवऱ्याच्या बाबतीत कागद आला नाही, हिच्या बाबतीत उशिरा आला. चौघा पुरुषांना नोव्हेंबर उजाडला.

बॉसवेलने तिला लंडनमध्ये खोली घेऊन दिली, तिची डॉली नावाची बहीण शोधली, ती कुणाकडे तरी स्वयंपाकीण होती. ऑक्टोबरात तिला फॉयच्या बोटीत बसवून दिलं आणि वर्षाला दहा पौंड बांधून दिले. बोटीत चढायला ती घाबरत होती, असं त्याने लिहिलंय. आधी मला वाटलं समुद्राला घाबरत असेल. तसं नव्हतं, घरचे कसे वागवतील याला घाबरत होती.

बॉसवेल १७९५ मध्ये वारला आणि पैसे थांबले.

रानभाजी

उशिरा आले धाग्यावर. त्या वाळलेल्या पानांचं कुणीच लिहिलं नाही? मेरीने बॉसवेलला पानांची पुडी दिली होती ना?

शेवंती

अगं हो! सिडनीच्या रानात एक वेल आहे, तिच्या पानांचा चहा कैदी पीत. साखर नव्हती, चहा नव्हता, पण ही पानं गोडसर लागतात, म्हणून त्याला 'गोड चहा' म्हणत. तिने ती पानं होडीतून, कुपांगमधून, बटाव्हियातून, केपवरून, न्यूगेटातून जपून नेली आणि बॉसवेलला दिली. त्याने ठेवली. त्यातली दोन आता इथल्या मिचेल ग्रंथालयात आहेत. म्हणजे पानं परत आली.

मी खाऊन पाहिलंय एकदा चालायला गेलेलो तेव्हा. आधी ज्येष्ठमधासारखं, मग कडवट.

रानभाजी

ती 'स्मायलॅक्स' कुळातली. आपल्या सह्याद्रीतली घोटवेल तिची सख्खी चुलत बहीण, घोटवेल काटेरी, तिला काटे नाहीत, पण पानं तशीच ठळक शिरांची. आता पावसाळ्यात भीमाशंकरला गेले की चावून बघते गोड लागतं का.

तिखटमीठ

मग त्या चौघा पुरुषांचं काय झालं?

शेवंती

त्यातल्या एकाचं सांगते, जॉन बुचर. सुटल्यावर तो न्यू साउथ वेल्सच्या पलटणीत शिपाई म्हणून भरती झाला आणि स्वखुशीने बोटीत बसून परत सिडनीला आला. इथे त्याला जमीन मिळाली.

गोटीराम

ऑं?